आधी माशाचा तरवा, हॅचरी मागाहून

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गटानं विचारलंय ते थोडक्यात असं: १४ घरं, प्रत्येकाची एक-दीड एकर भातशेती. गावचं दोन एकरांचं तळं, आणि वीटभट्टीसाठी माती काढून तशाच पडलेल्या पाच खणी, सगळ्या मिळून १४ गुंठे. खणींत पाणी जानेवारीपर्यंत टिकतं, पुढं तळाला भेगा पडतात. एक ठेकेदार म्हणतो, अनुदानातून हॅचरी, म्हणजे माशाची अंडी उबवून पिल्लं काढायचं केंद्र, बांधून देतो, बीज विकून गट पायावर उभा राहील. बांधावी का?

आत्ता बांधू नका. हॅचरीपेक्षा मोलाची वस्तू तुमच्याकडं आहे, ती म्हणजे त्या आटणाऱ्या पाच खणी.

माझं माहेर दूधगंगेकाठचं, सासर खानापूर तालुक्यातलं. २२ वर्षं मी माशाचं बीज वाढवते आणि दोन्ही मुलखांतल्या गटांबरोबर तळ्याकाठी उभी राहते. हॅचरीला माझा विरोध नाही. पण बांधून दोन हंगामांत बंद पडलेल्या हॅचऱ्या आणि त्यांच्या गोल हौदांत रचलेली जळणाची लाकडं मी पाहिलीत. त्या गटांतली माणसं कष्टाला कमी नव्हती, म्हणून जीव तुटतो. त्यासाठीच जरा सविस्तर सांगते.

आधी शब्द नीट समजून घ्या, कारण फसवणूक शब्दांतच होते. अंड्यातून निघालेलं तीन दिवसांचं पिल्लू म्हणजे मत्स्यजिरे. पंधरा-वीस दिवसांत ते इंचभर होतं, त्याला आपण बीज म्हणतो. पुढं दोन-अडीच महिन्यांनी हाताच्या बोटाएवढं, आठ-दहा सेंटिमीटरचं झालं की ती बोटुकली. सरकारी केंद्रात सगळ्याला सरसकट ‘मीनुमरी’ म्हणतात, तेव्हा दर विचारताना कितव्या दिवसाची आणि किती लांबीची, हे विचारायचंच. हॅचरीतून बाहेर पडतं ते फक्त जिरे. तळ्यात सोडायला लागते बोटुकली. या दोहोंमधल्या तीन महिन्यांत १०० मधले ८० जीव मरू शकतात, आणि लहान शेतकऱ्याचं नफा-नुकसान तिथंच ठरतं.

तुमचाच हिशेब मांडू. दोन एकर म्हणजे ८० गुंठे. गुंठ्याला ५० बोटुकल्या धरल्या तर तळ्याला ४,००० लागतात. जिऱ्याचं बीज होताना नवख्या हातून १०० मधले ३० जगले तरी चांगलं म्हणायचं. बिजाची बोटुकली होताना ६० जगतात. म्हणजे ४,००० बोटुकल्यांसाठी साधारण २२,००० जिरे. दोन किलोची एक रोहू मादी एका वेळी दोन लाखांच्या वर अंडी देते. तुमच्या गावची वर्षाची गरज एका मादीच्या दहाव्या हिश्श्यात भागते! मग बाकीचे जिरे कुठं घालणार? भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगला गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची केंद्रीय संस्था आहे, तिनं फायबरची, उचलून नेता येणारी छोटी हॅचरी तयार केलीय. तीसुद्धा एका खेपेला दहा लाखांच्या घरात जिरे देते. पोटातली पिवळी पिशवी जिरली की जिरे खायला मागतात, आणि हॅचरीच्या हौदात खायला काही नसतं. तेव्हा माल तिसऱ्या दिवशी उचलला गेला पाहिजे, तोही ऐन जुलैच्या पावसात. तुमच्या आसपास आज जिरे वाढवणारा एकही माणूस नाही, म्हणजे गिऱ्हाईकच नाही. ठेकेदाराच्या कागदावर हे लिहिलेलं नसणार.

निपाणीच्या तंबाखूवाल्याला हे सांगावं लागत नाही. बियाणं मूठभर लागतं, सगळा जीव असतो तो तरूत. तुमच्या भाताचंही तेच, तरवा बिघडला तर पुढं कितीही खत घाला, लावण पिवळीच राहते. तुमच्या गटानं माशाचा तरवा करावा. जिरे विकत आणायचे, खणींत वाढवायचे, आपल्या तळ्याला लागतील तेवढ्या बोटुकल्या ठेवायच्या आणि उरलेल्या विकायच्या.

आता खणी आटतात ही गोष्ट. तुम्ही ती उणीव म्हणून सांगितलीत, पण बिजाच्या कामाला तीच चांगली. बारमाही पाण्यात मरळ, वाम, चिलापी दबा धरून बसलेली असतात आणि जिरे म्हणजे त्यांचा नाश्ता. तशा पाण्यात गुंठ्याला २५ किलो मोहाची पेंड टाकून आधीचे मासे काढावे लागतात आणि पेंडीचा विषारी अंश उतरेपर्यंत तीन आठवडे थांबावं लागतं. तुमच्या खणी उन्हाळ्यात आपोआप तापून निघतात. हा खर्चही वाचतो आणि वेळही. खाण्याचा मासा वाढायला दहा-बारा महिने पाणी लागतं. बोटुकलीला चार महिने पुरतात, आणि ते तुमच्याकडं जुलै ते नोव्हेंबर हमखास आहेत.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बघा. चिकोडी, रायबाग, अथणीकडं पाऊस कमी, पण नदीचं, कालव्याचं पाणी आणि पाणी धरणारी काळी जमीन. उसाच्या मळ्यात शेततळी आहेत, ज्यांना कागदोपत्री ‘कृषी होंडा’ म्हणतात. कृष्णाकाठी चोपण झालेल्या, ऊस न येणाऱ्या जमिनी आहेत, त्यांतही तळी निघतात. त्या लोकांकडं पाणी वर्षभर आहे, पण वेळेवर मोठं बीज मिळत नाही. २१ मीटर लांब-रुंद होंड्याला ३०० बोटुकल्या पुरतात. एवढ्या थोड्या मालासाठी लांबच्या केंद्रावर गाडी करून जाणं परवडत नाही, म्हणून शेतकरी दारावर आलेल्या टेम्पोवाल्याकडून मिळेल ते घेतो. घाटाकडच्या गावांनी बोटुकली करावी आणि नदीकाठच्यांनी ती वाढवावी, ही जोडी जमली तर दोन्हीकडच्या लहान माणसाचं भलं होईल. गेली दहा वर्षं मी हेच सांगत फिरतेय.

टेम्पोचा अनुभव माझा स्वतःचा आहे. पहिल्याच वर्षी दारावर आलेल्या एका व्यापाऱ्याकडून आम्ही कटला-रोहूच्या बोटुकल्या म्हणून ८,००० नग घेतले. संध्याकाळची वेळ, कपानं मोजून भराभर पाण्यात. मे महिन्यात ओढजाळं लावलं तेव्हा कटला हाताच्या बोटांवर मोजावा इतका, आणि बाकी सगळी वीतभर चिलापी, हजारोंनी. चिलापी तळ्यातच पिल्लं घालत राहते आणि सगळं खाद्य तिच्याच पोटात जातं. तळं रिकामं करून, तळ वाळवून पुन्हा उभं करायला दोन वर्षं गेली. तेव्हापासून बीज घ्यायचं ते दिवसाउजेडी, पांढऱ्या परातीत ओतून, जात बघून.

जिरे घेताना आणखी एक गोष्ट करा. परातीतलं पाणी बोटानं गोल फिरवा. निरोगी जिरे प्रवाहाच्या उलट पोहत कडेला राहतात. अशक्त आणि मेलेले मधोमध गोळा होतात. मध्ये ढीग दिसला तर पिशवी परत करा, भीड धरू नका. कटला, रोहू, मृगळ वेगवेगळ्या पिशव्यांत मागा. एकाच हौदात सगळ्या जाती सोडून काढलेल्या मालात संकर झालेला असतो, आणि तो वाढीला मार खातो.

आता खणीचं काम, कारण सगळं इथं आहे. पाचांतली दोन गुंठ्यांची सर्वांत उथळ खण जिऱ्यांसाठी ठेवा, बाकीच्या चार, १२ गुंठ्यांच्या, बिजासाठी. तुमची लाल माती आंबट असते आणि पाणी झिरपू देते. मे अखेरीस गाळ खरवडून बांधावर टाका, गुंठ्याला तीन-चार किलो चुना पसरा. पहिल्या पावसानं पाणी साचलं की भाताला करता तशी चिखलणी करा, बैल लावून, शेणकाला मिसळून. एका हंगामात पाझर पूर्ण थांबत नाही, पण तिसऱ्या वर्षी फरक डोळ्यांना दिसतो. मग जिरे यायच्या आठ-दहा दिवस आधी गुंठ्याला शेंगपेंड साडेसात किलो, शेण दोन किलो आणि सुपर फॉस्फेट अर्धा किलो. पेंड आणि शेण दोन दिवस भिजवून, कुजवून टाकायचं. यातली निम्मी मात्रा आधी द्यायची आणि उरलेली जिरे सोडल्यावर दोन-तीन वेळा वाटून. चार-पाच दिवसांत पाणी तपकिरी-हिरवं होतं. ग्लासात घेऊन उजेडाकडं धरलं तर त्यात बारीक कण उड्या मारताना दिसले पाहिजेत. ते दिसले नाहीत तर जिरे आणू नका. जिऱ्याचं पहिलं अन्न ते उड्या मारणारे जीव, पेंड दुय्यम.

आणि पाणी तयार झालं की पाणकिडेही तयार होतात. इथंच मी दुसऱ्या वर्षी बुडाले. सगळं नीट केलं, ५०,००० जिरे सोडले आणि निर्धास्त झाले. पाचव्या दिवशी पहाटे बॅटरी घेऊन कडेला बसले तर पाण्यात एक पाठीवर पोहणारा किडा दिसला, नखाएवढा. पायांची वल्ही मारत आला, जिऱ्याला कवेत धरलं आणि सोंड खुपसून तिथंच थांबला. जिऱ्याचं काळं डोळ्याचं टिपकं तेवढं दिसत होतं. बॅटरी फिरवली तर तसे शेकडो होते. आठव्या दिवशी कापडाचं जाळं ओढलं तर ओंजळभरही माल निघाला नाही.

उपाय स्वस्त आहे. गुंठ्याला अर्धा किलोपेक्षा थोडं जास्त, ५६० ग्रॅम, कुठलंही हलकं खाद्यतेल आणि १८० ग्रॅम कपडे धुण्याचा साबण. साबण किसून गरम पाण्यात विरघळवा, त्यात तेल ओता आणि रवीनं घुसळून ताकासारखं पांढरं करा. जिरे सोडायच्या आदल्या दिवशी, वारा पडलेला असताना, सगळ्या पाण्यावर शिंपडा. पाण्यावर पातळ पापुद्रा धरतो. पाणकिडे श्वासाला वर येतात आणि त्या पापुद्र्यात अडकून मरतात. जिरे कल्ल्यांनी श्वास घेतात, त्यांना बाधत नाही. त्या दिवशी पाऊस आला किंवा वारं सुटलं तर पापुद्रा मोडतो, पुन्हा करावं लागतं. खानापूरच्या जुलैत कोरडी, शांत संध्याकाळ हुडकावी लागते, हे मान्य. म्हणूनच मी जिरे जुलैच्या पहिल्या आठवड्यात न मागवता, पाऊस जरा उघडीप देतो तेव्हा, ऑगस्टच्या सुरुवातीला मागवते. तीन-चार आठवडे उशीर झाला तरी चालतो.

पिशवी आली की थेट ओतायची नाही. पंधरा-वीस मिनिटं खणीच्या पाण्यावर तरंगू द्या, मग तोंड उघडून ओंजळ-ओंजळ खणीचं पाणी आत घाला, आणि शेवटी पिशवी आडवी करा. जिरे आपण होऊन बाहेर जातील. गुंठ्याला ३०,००० म्हणजे दोन गुंठ्यांना ६०,०००, याहून जास्त नको. दुसऱ्या दिवसापासून शेंगपेंड आणि भाताचा कोंडा समभाग, वस्त्रगाळ करून. लाख जिऱ्यांना पहिले पाच दिवस दिवसाला ६०० ग्रॅम, पुढं दुप्पट, सकाळ-संध्याकाळ वाटून. तुमच्या ६०,००० ना रोज ३६० ग्रॅमपासून सुरुवात होईल. हे काम आमच्याकडं बायकाच बघतात, कारण वेळ पाळली जाते.

पंधरा-वीस दिवसांनी इंचभर बीज काढून बाकीच्या चार खणींत गुंठ्याला दीड-दोन हजार सोडायचं. काढायच्या आदल्या दिवसापासून खाद्य बंद, काढणी पहाटे. बांधावर वरून नायलॉनच्या दोऱ्या ताणा, नाहीतर पाणकावळे आणि खंड्या हिशेब चुकवतात. दिवड आत शिरू नये म्हणून कडेनं मच्छरदाणीचं कापड फूटभर उभं करा. ६०,००० जिऱ्यांतून १०० मधले ३० धरले तर १८,००० बीज, त्यातून ६० धरले तर १०,००० च्या वर बोटुकल्या. ४,००० तुमच्या, ६,००० विकायला. २० शेततळ्यांना पुरतील एवढा माल पाच पडीक खणींतून निघाला, यापेक्षा आणखी काय हवं?

आता तळं. इथं एक अडचण आहे, ती आधीच सांगते. बोटुकल्या तयार होतात ऑक्टोबर-नोव्हेंबरला, म्हणजे थंडीच्या तोंडावर. गार पाण्यात मासा खात नाही, वाढ मंदावते, आणि मे-जूनला तळं खाली जातं तेव्हा पाव-अर्धा किलोचा मासा हातात येतो. त्यापेक्षा पहिल्या वर्षाच्या काही बोटुकल्या बारमाही पाण्यात, एखाद्या ओळखीच्या शेततळ्यात, दाटीनं आणि बेताच्या खाद्यावर ठेवून द्या. त्या खुंटतात. पुढच्या पावसात तळं भरलं की तिथं सोडा. मोकळं पाणी आणि खाद्य मिळताच त्या झपाट्यानं भरून निघतात, आणि दहा महिन्यांत पाऊण ते एक किलोला पोचतात. हे मी भावाच्या शेततळ्यात करते. ४,००० मधले ७० टक्के हाती लागले आणि वजन पाऊण किलो धरलं तर दोन टन होतात. खाद्यात कमी पडलात तरी दीड टन कुठं जात नाही. १४ घरांत वाटलं तर घरामागं १०० किलोच्या वर. रुपयांचा हिशेब मुद्दाम मांडत नाही, दर हलत राहतो. किलोचा हिशेब पक्का ठेवा.

कटला ४०, रोहू ३०, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) मिळून ३० असं प्रमाण ठेवा. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. सायप्रिनस बांध उकरतो, मातीचा बांध कच्चा असेल तर तो कमी करा. पाण्यात गवत, शेवाळ फार असेल तर थोडे गवत्या मासे सोडा. पाणी किती हिरवं असावं, याला कोपरापर्यंत हात बुडवायचा. तळवा जेमतेम दिसला तर बरोबर. मनगटाच्या वरच दिसेनासा झाला तर शेण ताबडतोब थांबवा. ढगाळ हवेत, पहाटे मासे वर तोंड काढून धापा टाकताना दिसले तर पाण्यातला प्राणवायू संपलाय. पंप असेल तर पाणी उंचावरून पाडा, नसेल तर माणसं आत उतरवून बांबूनं पाणी ढवळा. आमचं एक तळं ऑक्टोबरच्या अशाच एका पहाटे सात पोरांनी पाणी बडवून वाचवलं.

नदीकाठच्यांसाठी एक वेगळी सूचना. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात माझ्या भावाच्या तळ्यातला माल दोन्ही वेळा गेला. पूररेषेतल्या तळ्यात मोठा मासा जुलै उजाडायच्या आत विकावा, नवी सोडणी ऑगस्ट सरताना करावी, आणि बांधावर तीन-चार फूट उंच जाळी कायमची असावी.

विक्रीचा मोसम आपल्या बाजूनं आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते. कारवार, गोवा, मालवणची आवक घटते आणि बेळगावच्या बाजारात आंध्रातून बर्फात आलेला रोहू-कटला दिसतो. तेव्हा तळ्याच्या काठावर जिवंत मासा तोलून दिला तर गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. पण श्रावण लागला की घराघरांत मांसाहार बंद, म्हणून ती खिडकी दोन महिन्यांचीच. सगळं तळं एकदम उपसू नका. मेपासून दर आठवड्याला मोठे-मोठे काढत राहा.

गटाबद्दल थोडं परखड बोलते. तळी पाण्यामुळं कमी आणि माणसांमुळं जास्त बुडतात. आमच्या पहिल्या गटात एका घरी लग्न निघालं आणि रात्री न विचारता जाळं पडलं. २० किलोसुद्धा नव्हता तो मासा, पण त्यावरून सहा महिने कुणी कुणाशी बोललं नाही आणि खाद्य टाकायलाही कुणी गेलं नाही. नंतर आम्ही ठरवलं: जत्रेला प्रत्येक घराला दोन किलो हक्काचे, लग्नकार्याला ठरल्या दरानं, आणि बाकी सगळं वजन वहीत. वही दोन घरांकडं, आलटून-पालटून. रात्रीची राखण पाळीनं; जो पाळी चुकवेल त्याच्या वाट्यातून कापायचं. हे पहिल्याच बैठकीत, मासा पाण्यात पडायच्या आत लिहून काढा.

आणि तळ्यात आजवर जाळं टाकून पोट भरणारी भोयांची घरं असतील तर त्यांना गटाबाहेर ठेवू नका. जाळं ओढणं, मासा न दुखवता काढणं हे त्यांच्या हाताला येतं तसं आपल्याला जन्मात यायचं नाही. शिवाय ज्याचा घास आपण काढून घेतला तो रात्री तळ्याची राखण कशाला करेल? हे मी धोरण म्हणून सांगतेय असं समजू नका, न्याय म्हणून सांगतेय. तसंच जनावरांचं पाणी, धुणं, गणपती विसर्जन हे गावचे आधीचे हक्क आहेत. विसर्जनाला एक कोपरा बांध घालून वेगळा करा, रंगाचं पाणी तळ्यात मिसळू देऊ नका. पिण्याचं पाणी असेल तर तिथं शेण टाकायचंच नाही, मासा कमी आला तरी चालेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. तळं ग्रामपंचायतीचं की लघु पाटबंधाऱ्याचं, म्हणजे कागदावर ‘सण्ण नीरावरी’चं, हे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना (पीडीओ) विचारून लेखी घ्या. करार कन्नडमध्ये येईल. कन्नड वाचणारा आपल्याच गावातला एखादा पोरगा बसवून तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून घ्या, मराठीत अर्थ लिहून जोडा, आणि मगच सह्या करा. मुदत, भरायची रक्कम आणि पाणी सोडण्याचा अधिकार कुणाचा, या तीन ओळी नीट बघा. एक वर्षाचा करार असेल तर खुंटलेल्या बोटुकलीचा खेळ जमत नाही, पाच वर्षांचा मागा. प्रत्येकाचा उतारा आणि फ्रुट्स क्रमांक (कर्नाटकातला शेतकरी नोंदणी क्रमांक) तयार ठेवा. खणींची दुरुस्ती रोजगार हमीतून (कन्नडमध्ये ‘उद्योग खात्री’) बसते का ते ग्रामसभेतच विचारा. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदत ठेवली होती, आज ती चालू आहे का ते विचारून घ्या. खणी-तळी महिलांच्या गटाच्या नावे असतील तर हा फरक मोठा पडतो, फक्त नाव बायकांचं आणि वही पुरुषांची असं करू नका. पैसा काम झाल्यावर, तपासणीनंतर येतो, म्हणून आधी घालायला भांडवल लागतं. किसान क्रेडिट कार्ड आता मत्स्यपालनालाही मिळतं, खाद्याचा खर्च त्यातून काढा, सावकाराकडून नको.

मग हॅचरी कधीच नको का? हवी, पण पायरीनं. कटला-रोहू साचलेल्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून पूर्वी बीज नदीतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधुरींनी माशाच्या मेंदूतल्या पियूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प, म्हणजे कटला-रोहूच्या कुळातल्या, माशांची वीण घडवली. त्याची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात. आज तयार इंजेक्शन मिळतं, ते टोचणं शिकायला एक दिवस पुरतो. अवघड आहे ते त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं. अलीकडं प्रजनक मासे: दोन-तीन वर्षांचे, वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले, वर्षभर बारमाही तळ्यात खाऊ घालून पोसलेले. एकाच आईबापाची पोरं पिढ्यानपिढ्या विणीला लावली तर बीज किडकं होतं आणि आपल्या लक्षात येईपर्यंत पाच वर्षं गेलेली असतात. पलीकडं पाणी: अंडी १४ ते १८ तास गोल फिरत्या पाण्यात तरंगत ठेवावी लागतात. वीज गेली, टाकी रिकामी झाली, पाणी थांबलं की अंडी तळाला बसतात आणि गुदमरतात. त्या रात्री जागणारी दोन शिकलेली माणसं गटात हवीत.

म्हणून तुमची पहिली हॅचरी मच्छरदाणीच्या कापडाची असू दे. सायप्रिनस, ज्याला सरकारी दरपत्रकात ‘सामान्य गेंडे’ म्हणतात, इंजेक्शनशिवाय साचलेल्या पाण्यात विणतो. जानेवारी ते मार्चमध्ये बारमाही पाण्यात दोन मीटर लांब, एक मीटर रुंद हाप्पा, म्हणजे कापडाची पेटीसारखी जाळी, चार खुंट्यांना बांधा. दीड किलोची एक फुगलेल्या पोटाची मादी, तिच्या दुप्पट वजनाचे नर, आणि मादीच्या दुप्पट वजनाची स्वच्छ धुतलेली हायड्रिला ही पाणवनस्पती संध्याकाळी आत सोडा. पहाटे वनस्पतीला राळ्याच्या दाण्यांसारखी अंडी चिकटलेली दिसतील. ती वनस्पती उचलून दुसऱ्या बारीक हाप्प्यात ठेवा, दोन-तीन दिवसांत जिरे बाहेर येतात. दोनशे-तीनशे रुपयांच्या कापडात माणसाला विणीचं सगळं गणित कळतं: अंडं पांढरं पडलं म्हणजे मेलं, पाणी गार झालं की उशीर, गढूळ झालं की बुरशी. फक्त हा मासा परका आहे, नदीत कधी सोडू नका. मलप्रभा आपल्याच कणकुंबीच्या डोंगरात उगवते, तिच्या वरच्या पाण्यात जे मासे आहेत ते आपलेच आहेत.

तीन हंगाम तुमच्या खणींतून सलग बोटुकली निघाली, आसपासच्या पाच-सहा गावांत जिरे वाढवणारे गट उभे राहिले आणि सगळ्यांची मिळून मागणी हंगामाला ४०-५० लाख जिऱ्यांवर गेली, की मला बोलवा. तेव्हा हॅचरीची जागा मी स्वतः तुमच्याबरोबर शोधेन, उताराच्या पाण्याची, तीन फेज नसली तरी चालणारी.

तोवर ठेकेदाराला नाही म्हणा. येत्या पावसाच्या आधी प्रत्येक खणीत एक बांबू रोवा, त्यावर अर्ध्या-अर्ध्या फुटावर रंगानं रेघा मारा, आणि जूनपासून दर रविवारी पाणी कितव्या रेघेला आहे ते तारखेसह वहीत लिहा. कुठली खण आधी भरते, कुठली शेवटी आटते, ते त्या वहीतून कळेल. जिऱ्यांची मागणी नोंदवायला केंद्रावर जाल तेव्हा ती वही बरोबर न्या.